पेशीचं वागणं आणि अकरावीचं गणित

मागच्या आठवड्यात मानवत तालुक्यातल्या एका गावाहून एक जोडपं ओपीडीत आलं. सोबत नुकतीच दहावी झालेली मुलगी. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) बाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आहे, केमोथेरपी बाहेरगावी चालू आहे. माझ्याकडे त्या बीपीसाठी येतात.

"डॉक्टरसाहेब, तळपायाला मुंग्या यायल्यात. चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही."

मी विचारलं, कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं का? त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. "नाही सांगितलं. औषध बंद करतील म्हणून."

फाईल बघितली. पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध चालू होतं. या औषधाचा हा नेहमीचा त्रास आहे. मी त्यांना समजावत होतो तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पण गाठ तर छातीत होती. मग औषधानं मुंग्या पायाला काहून?"

एवढा नेमका प्रश्न मला वर्षातून एखाद्या वेळीच कुणी विचारतं. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि वडील मध्येच म्हणाले, "हुशार हाय पोरगी. डॉक्टरच करायचंय तिला. म्हणून गणित सोडायला लावलं. बायोलॉजीवाल्याला गणिताचं काय काम?"

आजचा लेख या दोन प्रश्नांवर आहे. मुलीच्या आणि वडिलांच्या. मला ते दोन्ही एकच वाटतात.

आधी मुंग्यांचं. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत बारीक पोकळ नळ्या असतात. इतक्या बारीक, की केसाच्या जाडीच्या साधारण तीन हजाराव्या भागाएवढ्या. इंग्रजीत त्यांना मायक्रोट्यूब्यूल म्हणतात, आपण सूक्ष्मनलिका म्हणू. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक चढत जाऊन ही नळी तयार होते. पेशीचं विभाजन होताना याच नळ्या गुणसूत्रांना धरतात आणि निम्मी इकडे, निम्मी तिकडे अशी ओढून वाटतात. विभाजनाच्या वेळी या नळ्यांची जी रचना होते तिचा आकार सूत कातायच्या चातीसारखा, म्हणून मराठीत त्यांना तर्कुतंतू म्हणतात. कापसाच्या जिल्ह्यात हे वेगळं समजावायला नको.

कॅन्सरची पेशी सारखी विभागत असते. तिच्या नळ्या बिघडवल्या की तिचं विभाजन अडतं. पॅक्लिटॅक्सेल हेच करतं. पण या नळ्या फक्त विभाजनापुरत्या नसतात. कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जाणारी मज्जातंतूची एकेक पेशी जवळजवळ मीटरभर लांब असते आणि तिच्या आतला सगळा माल याच नळ्यांच्या रुळांवरून वाहतो. रूळ बिघडला की सगळ्यात आधी हाल कुणाचे? सगळ्यात शेवटच्या स्टेशनाचे. म्हणून तळपाय, म्हणून बोटांची टोकं. (हा त्रास लपवू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना वेळेत सांगितलं तर डोस कमी करता येतो, अंतर वाढवता येतं, औषध बदलता येतं. लपवला तर तो कायमचा राहू शकतो.)

या नळ्यांवर काम करणारी औषधं तुमच्या घरात आधीपासून आहेत. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती जंताच्या ट्यूब्युलिनला चिकटते. आपल्या ट्यूब्युलिनवर तिचा जोर फार कमी चालतो, म्हणून जंत मरतो आणि पोराला काही होत नाही. गाऊटमध्ये अंगठा सुजला की दिलं जाणारं कोल्चिसिन याच नळ्यांवर काम करतं. तेच कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं, म्हणून कळलावी विषारी. आणि दारातली सदाफुली? तिच्यापासून मिळणारं विन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात. सदाफुलीचा पाला साखरेसाठी म्हणून वाटून पिणारे पेशंट मला अजून भेटतात. कृपा करून पिऊ नका.

आता यातली गंमत बघा. विन्क्रिस्टिन नळ्या बनू देत नाही. पॅक्लिटॅक्सेल बरोबर उलटं करतं, नळ्या इतक्या पक्क्या करतं की त्या मोडतच नाहीत. एक मोडणारं, एक घट्ट करणारं, आणि दोन्ही कॅन्सरच्या पेशीला अडवतात. असं कसं?

एमबीबीएसला असताना मी हे पाठ केलं होतं. कळलं मात्र बऱ्याच वर्षांनी. 1984 साली मिचिसन आणि कर्श्नर या दोघा अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की या नळ्या कधी स्वस्थ बसत नाहीत. एखादी नळी सावकाश वाढत असते, मध्येच भसाभस कोसळते, मध्येच पुन्हा वाढायला लागते. शेजारची नळी त्याच वेळी वेगळंच काही करत असते. म्हणजे नळ्या किती आहेत यापेक्षा त्या किती चंचल आहेत याला महत्त्व. दोन्ही औषधं शेवटी ही चंचलताच मारतात. त्यासाठी नळ्या मोडाव्याच लागतात असं नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या दुलाल पांडा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली ग्रिसिओफल्विन या नायट्यावरच्या जुन्या औषधाबद्दल हेच दाखवलं, की ते या नळ्यांची धावपळ मंदावतं. (म्हणून नायट्याची गोळी कॅन्सरवर घ्यायची नाही. ते काम प्रयोगशाळेतलं आहे.)

चंचलता ही गोष्ट सूक्ष्मदर्शकात दिसते, पण समजत नाही. शेकडो नळ्या, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. ती समजायला आकडे लागतात, चारच: वाढायचा वेग, कोसळायचा वेग, किती वेळा कोसळते, किती वेळा सावरते. हे चार आकडे संगणकाला दिले की तो पडद्यावर नळ्या वाढवून-मोडून दाखवतो. मग एखादा आकडा थोडा बदलायचा आणि पेशीचं काय होतं ते बघायचं. याला मॉडेल म्हणतात. खेळण्यातली पेशीच म्हणा, फक्त तिचे नियम खरे.

हे काम आयुष्यभर करणारे लोक असतात. आणि त्यांतले एक आपल्या पुण्यात आहेत.

डॉ. चैतन्य आठले. पुण्याला पाषाणमध्ये आयसर ही संस्था आहे, 2006 साली सुरू झालेली, पूर्ण नाव भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. तिथल्या जीवशास्त्र विभागात ते प्राध्यापक आहेत. माझी त्यांची ओळख नाही. त्यांचे काही शोधनिबंध मी वाचलेत, कळले तेवढे. त्यांच्या कामातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली मेंदूच्या गाठीची. ग्लायोमा नावाची गाठ असते. सर्जन सगळी काढतात, तरी ती बहुतेक वेळा परत येते, कारण काही पेशी आधीच गाठ सोडून शेजारच्या मेंदूत शिरलेल्या असतात. नातेवाईक हमखास विचारतात, "सगळी काढली म्हणाला होतात ना?" आठले अमेरिकेत बॉस्टनला थॉमस डाइसबॉक यांच्यासोबत होते तेव्हा, 2005 साली, त्यांनी या गाठीचं संगणकातलं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यातल्या प्रत्येक पेशीच्या पोटात रेणूंची एक छोटी साखळी घातली होती. साखळीतल्या रेणूंच्या आकड्यांवरून पेशी ठरवते: इथेच थांबून वाढायचं, की निघायचं. गाठीचा आकार कुणी बाहेरून आखून दिला नव्हता. हजारो पेशींच्या अशा एकेकट्या निर्णयांतून तो आपोआप घडत गेला.

या मॉडेलने एकही पेशंट बरा झाला नाही, हे स्पष्ट सांगतो. पण "गाठ परत आली" या वाक्यामागे काय चाललेलं असतं, ते मला त्यातून जास्त नीट दिसलं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्यासाठी आपल्याला जर्मनीला जावं लागेल. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणणाऱ्यांना ते काही जड जाऊ नये.

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं. विभाजनाच्या आधी प्रत्येकाच्या दोन प्रती झालेल्या असतात आणि प्रत्येक प्रतीला एकेका बाजूने नळीने धरावं लागतं. म्हणजे 92 गाठी बांधायच्या. नळ्या तर आंधळ्या. त्या वाढतात, काही सापडलं नाही तर कोसळतात, दुसऱ्या दिशेला पुन्हा वाढतात. अंधारात हात फिरवून किल्ली शोधावी तसं. बराच काळ असंच मानलं जायचं, की अशा चाचपडण्यातून सगळी गुणसूत्रं सापडतात. वाचायला हे पटण्यासारखं आहे.

मग कुणीतरी हिशोब केला. 2005 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिस इथल्या गटाने गणित मांडून दाखवलं, की नुसतं चाचपडून एवढी गुणसूत्रं सापडायला पेशीला प्रत्यक्षात लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागेल. पेशी तर काम पटकन उरकते. म्हणजे नळ्यांना कुठूनतरी इशारा मिळत असणार. गुणसूत्रंच "इकडे या" म्हणून हाक देत असणार. गुणसूत्रांभोवती काही रेणूंचं प्रमाण जास्त असतं आणि लांब जावं तसं ते कमी होतं, हे प्रयोगांतून आधीच माहीत होतं. हिशोबाने सांगितलं, की या हाकेशिवाय भागणारच नाही.

पण हाक कशी? हळूहळू विरत जाणारी, की एका अंतरावर एकदम थांबणारी? आठले तेव्हा हायडेलबर्गला युरोपीय रेणू-जीवशास्त्र प्रयोगशाळेत होते. तिथे एरिक कारसेंटी आणि इतरांसोबत त्यांनी बेडकाच्या अंड्यातला द्रव घेतला, काचेवर गुणसूत्रद्रव्याचे ठिपके ठेवले आणि भोवतीच्या नळ्यांचे झुपके कोणत्या बाजूला किती झुकतात ते मोजलं. मग संगणकात हाकेचे वेगवेगळे आकार घालून बघितले. कोणता आकार घातला की झुपके तसेच झुकतात? एकाच प्रकारचा जुळला. लांबवर पोचणारी, पण पुढे तीव्रतेने तुटणारी हाक. गावाच्या शिवेपर्यंत ऐकू यावी आणि शीव ओलांडली की कानावर पडू नये, तशी. हा निबंध 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला.

ही हाक कुठल्याही सूक्ष्मदर्शकात सरळ दिसली नव्हती. नळ्यांचं झुकणं मोजलं आणि उलटा हिशोब करून हाकेचा आकार काढला. पेशंटच्या चालीवरून आम्ही आजार ओळखतो त्यातलाच हा प्रकार, पण आमच्यापेक्षा खूप काटेकोर.

बेडकाच्या अंड्यावरून माणसाचं काय कळणार, असं वाटेल. 2015 साली झालेल्या एका कामात स्त्रीच्या अंडपेशीत ही चाती कशी बनते ते पाहिलं गेलं. साध्या पेशीत नळ्या जिथून निघतात ती केंद्रं अंडपेशीत नसतात. तिथे गुणसूत्रांच्या त्या हाकेवरच भिस्त असते आणि काम संपायला सुमारे 16 तास लागतात. या लांबलेल्या कामात चाती अनेकदा डळमळते. पस्तिशीनंतर गर्भपाताचं किंवा डाऊन सिंड्रोमचं प्रमाण का वाढतं, असं माझ्याकडे बायका विचारतात, आणि बऱ्याचदा सासूने सुनावलेलं असतं म्हणून रडवेल्या होऊन विचारतात. त्याच्या उत्तरातला एक मोठा भाग या वाटणीच्या चुकांत आहे. कुणी काय खाल्लं, कुठे वाकलं याच्याशी त्याचा संबंध नाही. आठले यांनी पुण्यात येऊन, विद्यार्थ्यासोबत, 2016 साली उंदराच्या अंडपेशीवर मॉडेल केलं: विखुरलेली नळ्यांची केंद्रं गुणसूत्रांजवळ गोळा कशी होतात याचं. उंदराच्या अंड्यात अशी केंद्रं असतात, माणसाच्या अंड्यात नसतात. म्हणून एकाचं उत्तर दुसऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही, आणि चांगला मॉडेल करणारा हे विसरत नाही.

त्यांच्या गटाने जंतूंवरही काम केलं आहे. लघवीच्या जंतुसंसर्गात सापडणारा ई. कोलाय, त्याच्या एकाच वंशातल्या पेशी लांबीला सारख्या का नसतात, असा प्रश्न. तो विषय पुन्हा कधीतरी.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. बायोलॉजीवाल्याला गणिताचं काय काम?

आपल्याकडे दहावीनंतर मुलांचे दोन कळप होतात. गणित जमतं ते इंजिनिअरिंगकडे, जमत नाही किंवा आवडत नाही ते बायोलॉजीकडे. नीटला गणिताचा पेपर नाही, मग दोन वर्षं त्यात कशाला घालवायची, असा साधा व्यवहार. नीटपुरता तो बरोबरही आहे. पण नीटला बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना एमबीबीएसची सरकारी जागा मिळत नाही, हे परभणीत काय, लातूरला काय, सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानंतर ही मुलं माझ्याकडे येतात. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल. त्यांना जीवशास्त्र मनापासून आवडतं, पण त्या आवडीला डॉक्टरकीशिवाय दुसरा दरवाजा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि सांगितलं तर बहुतेक दरवाजांवर गणित उभं असतं. आयसरच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे सारखे प्रश्न असतात.

गणित सोडलं की सगळं संपलं असंही नाही. डेनिस नोबल नावाचे इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आहेत. विद्यार्थी असताना त्यांना हृदयाच्या पेशीचे ठोके समीकरणात बसवायचे होते आणि गणित कमी पडत होतं. ते गणिताच्या तासांना जाऊन बसायला लागले. लंडन विद्यापीठाचा संगणक त्यांना मध्यरात्रीनंतरच मिळायचा. 1960 साली त्यांनी हृदयपेशीचं पहिलं चालणारं मॉडेल छापलं. पुढे याच मॉडेलांवरून कळलं, की ठोका चालवणारा एक विजेचा प्रवाह अडवला तरी पेशीतला दुसरा प्रवाह सावरून घेतो, ठोके कमी होतात पण थांबत नाहीत. आयव्हाब्रॅडिन ही गोळी तुमच्यापैकी काहींना चालू असेल. ती तोच प्रवाह अडवते. पण नोबल यांना तासाला जाऊन बसायला विद्यापीठ जवळ होतं. सोनपेठच्या किंवा पालमच्या मुलीने अकरावीत सोडलेलं गणित पुढे कुठे जाऊन बसून शिकायचं?

माझं स्वतःचं सांगतो. मीही बारावीनंतर गणिताकडे वळून पाहिलं नाही. आज एखाद्या औषधाच्या अभ्यासातला आलेख समोर आला की शेवटचा परिच्छेद वाचून पुढे जातो. कंपनीचा प्रतिनिधी समोर बसून जे सांगतो ते तपासायची माझी ताकद जितकी हवी तितकी नाही. हे तुमच्या तब्येतीशी संबंधित आहे म्हणून सांगितलं.

आणि व्हॉट्सॲपवर "संगणकाने शोधला कॅन्सरवर इलाज" असं येतं, त्याबद्दल विचारणाऱ्यांना: मॉडेलमधून आलेलं उत्तर म्हणजे पुढचा प्रयोग कोणता करावा याची सूचना. ते काचेच्या बशीत, मग प्राण्यांत, मग माणसांत तपासावं लागतं आणि वाटेत बहुतेक सूचना गळतात. त्या भरवशावर कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. चालू केमो तर मुळीच थांबवू नका.

त्या बाईंना मी चिठ्ठी लिहून दिली आणि त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना समोरच फोन केला. पुढच्या वेळी डोस कमी करून बघणार आहेत. घरातसुद्धा बंद चप्पल घाला, पाय धुताना पाणी आधी हाताच्या कोपराने बघा, एवढं सांगितलं.

मुलीला कागदावर नळ्या काढून दाखवल्या. ती बघत होती. मग तिने विचारलं, मोडणारं औषध आणि घट्ट करणारं औषध दोन्ही एकदम दिलं तर? मला उत्तर येत नव्हतं, तसं सांगितलं. तिने तो कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला.

वडील उठताना म्हणाले, "विषय बदलायला कॉलेजात अजून आठ दिवस हायेत. बघतो." मी म्हटलं, बघा.